मालमत्ता कळली, संबंध केव्हां कळणार?

ता. ५ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या न्यायाधीशांच्या मालमत्तेचीं विवरणें लोकांपुढें ठेवण्यास प्रारंभ केला, तेव्हां त्या निर्णयाचें सर्वत्र स्वागत झालें आणि तें योग्यच होतें. १९९७ सालीं त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनीं एकत्र बसून न्यायाधीशाच्या वर्तनाचीं जीं तत्त्वें लिहून काढलीं, त्या बीजाला इतक्या वर्षांनीं अंकुर फुटला असें म्हणतां येईल. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार २००२ व २००३ च्या न्यायनिर्णयांपासून स्वतःची, जोडीदाराची व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता शपथेवर सांगत आला आहे. सरकारी अधिकारीही आपल्या स्थावराचें पत्रक दरसाल वरिष्ठांकडे पाठवितो. सारांश, लोकांचा कारभार जो पाहतो त्याच्याजवळ काय आहे, हें जाणण्याचा लोकांचा हक्क तत्त्वतः तरी मान्य झाला आहे. परंतु मालमत्तेचें पत्रक म्हणजे हितसंबंधांची नोंद नव्हे. पहिल्याच्या आनंदांत दुसरीचा विसर पडला, तर दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणाऱ्या गृहस्थासारखी आपली स्थिति होईल, हें आज स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा भेद शब्दांत सूक्ष्म वाटला तरी व्यवहारांत फार स्थूल आहे. समजा, एखाद्या महापालिकेच्या सभेपुढें विकास आराखड्यांतील रस्त्याची आखणी बदलण्याचा विषय आला आहे. सभेंतील एका सभासदानें निवडणुकीच्या वेळीं शहराच्या कडेची आपली चार एकर जमीन शपथपत्रांत प्रामाणिकपणें लिहून दिलेली आहे. तें शपथपत्र निवडणूक कचेरींत आहे, आराखड्याचा नकाशा सभागृहाच्या भिंतीवर आहे, आणि नवा रस्ता त्याच चार एकरांच्या बांधावरून जातो ही गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर नाहीं. सभासद उठतो, शहराच्या भवितव्यावर चांगलें भाषण करतो, हात वर करतो, आणि ठराव पास होतो. त्यानें कोणाकडून एक पैसा घेतलेला नाहीं. लांचलुचपतीच्या कायद्यांत तो सांपडत नाहीं. मालमत्ता लपविली असेंही म्हणतां येत नाहीं. तरीही त्या ठरावांत कांहीं तरी नासलें आहे हें गल्लींतल्या पानवाल्यालाही कळतें. मालमत्तेच्या पत्रकानें मनुष्य किती श्रीमंत आहे हें समजतें. हितसंबंधाच्या नोंदीनें तो ज्या प्रश्नावर आज मत देणार त्यांत त्याचें स्वतःचें काय गुंतलें आहे हें समजतें. आणि जमीन त्याच्या नांवावर नसून मेहुण्याच्या भागीदारीची असली, तर पत्रकांत तिचा मागमूसही लागत नाहीं.

रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. श्रावणमासच्या दक्षिणेच्या वेळीं ब्राह्मणांच्या रांगेंतून शास्त्रीबोवांचे बंधु पुढें आले, तेव्हां शेजारीं बसलेल्या नाना फडणिसांनीं यांना अधिक दक्षिणा द्यावी असें सुचविलें. शास्त्रीबोवा म्हणाले कीं, सरकारच्या खजिन्यांतून यांना इतरांइतकेंच मिळेल. भाऊ म्हणून त्यांचें काय करावयाचें तें मी माझ्या घरीं पाहीन. या गोष्टींतील निःस्पृहतेचें कौतुक आपण करतोंच. पण आमच्या मतें तिच्यांत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही लक्षांत घेण्यासारख्या आहेत. देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नातें काय, हें तेथें भर मंडपांत सर्वांसमक्ष उघड होतें. नातें उघड असल्यामुळेंच सरकारचा हात कोठें थांबतो आणि घरचा हात कोठें सुरू होतो, ही रेषा लोकांना पाहतां आली. आज सरकारी खजिना शतपट वाढला आहे, मंडप मात्र बंद खोलींत गेला आहे; रांगेंतला कोण कोणाचा भाऊ हें विचारण्याची सोय राहिलेली नाहीं. प्रत्येक खुर्चीवर रामशास्त्री बसेल असें मानून राज्य चालवितां येत नाहीं. कायदा करावयाचा तो सामान्य मनुष्यासाठीं, ज्याला मुलगा आहे, कर्ज आहे, जांवई आहे आणि मोहही आहे.

न्यायाच्या क्षेत्रांत हें तत्त्व नवें नाहीं. स्वतःच्या दाव्यांत कोणी स्वतः न्यायाधीश होऊं नये, हें सूत्र वकिलीच्या पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवितात. इंग्लंडांत १८५२ सालीं याची कसोटी खुद्द लॉर्ड चॅन्सेलरवर लागली. लॉर्ड कॉटनहॅम यांनीं एका कालवा कंपनीच्या बाजूनें दिलेला हुकूम पुढें अपिलांत आला, आणि त्याच कंपनीचे भाग त्यांच्या नांवावर असल्याचें निघालें. भागांमुळें त्यांचें मन तसूभरही कलतें झालें असेल असें कोणीही म्हणत नव्हतें. तरी उमराव सभेनें तो हुकूम रद्द केला. देशांतील सर्वांत वरच्या न्यायाधीशाला जी सूट मिळाली नाहीं ती खालच्यांनीं मागूं नये, हा त्या निकालाचा मथितार्थ. मन शुद्ध होतें कीं नव्हतें याचा शोध न्यायालय घेत बसलें नाहीं, कारण मनाचा पंचनामा करतां येत नाहीं. संबंधाचा करतां येतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें हें तत्त्व न्यायासनावरून उतरवून कारभाराच्या टेबलावर आणलें, ही स्वतंत्र भारताच्या न्यायव्यवस्थेची मोठी कामगिरी आहे. १९६९ च्या क्रैपक प्रकरणांत जम्मू-काश्मीरच्या वनखात्यांतील अधिकाऱ्यांची अखिल भारतीय सेवेसाठीं निवड व्हावयाची होती, आणि निवड मंडळावर बसलेल्यांपैकीं एक जण स्वतःच उमेदवार होता. त्याचें नांव चर्चेला आलें तेव्हां तो बाहेर गेला. प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें निघालीं तेव्हां मात्र तो आंत होता. न्यायालयानें ती सर्व निवड रद्द ठरविली. पुढें १९८४ सालीं ओरिसांतील एक प्रकरण आलें, आणि तें तर वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिक्षणसंस्थांच्या ग्रंथालयांकरितां सरकारी पैशांनीं पुस्तकें घ्यावयाचीं होतीं. तीं पारखण्यासाठीं जी समिति नेमली, तिच्या कांहीं सभासदांचीं स्वतःचींच पुस्तकें यादींत होतीं. ज्याचें पुस्तक निघेल तो त्या क्षणीं मत देत नाहीं, मग बिघडलें काय, असा बचाव झाला. न्यायालयानें तो फेटाळला. कारण आज मी तुमच्या पुस्तकाला हात वर केला तर उद्यां तुम्ही माझ्या पुस्तकाला कराल, ही समज शब्दावांचून होते. सभा-समित्यांत आयुष्य घालविलेल्या कोणाही मनुष्याला या निकालांतील व्यवहारज्ञान पटेल. क्षणभर खोलीबाहेर जाणें पुरेसें नसतें. कधीं कधीं त्या समितीवर मुळींच न बसणें हाच उपाय असतो.

स्वार्थ व अधिकार एका मुठींत आल्यानें काय होतें हें या देशानें पुस्तकांत वाचलें नसून अंगावर भोगलें आहे. बंगालच्या नबाबाशीं ईस्ट इंडिया कंपनीचें जें युद्ध १७६३ सालीं पेटलें, त्याचें मूळ कंपनीच्या नोकरांच्या खाजगी व्यापारांत होतें. कंपनीच्या मालाला मिळालेली जकातीची माफी तिचे नोकर स्वतःच्या मालालाही लावीत. मीर कासीमनें तक्रार केली, तेव्हां गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट यानें तडजोड केली. परंतु ती मान्य करावयाची कीं नाहीं हें कलकत्त्याच्या ज्या कौन्सिलनें ठरवावयाचें, त्यांतील बहुतेक सभासद स्वतःच तो व्यापार करीत होते. वॉरन हेस्टिंग्ससारख्या एखाद्याचा अपवाद सोडला, तर सर्वांनीं तडजोड धुडकाविली. नबाबानें मग आपल्या रयतेचीही जकात उठविली, तर तोच त्याचा गुन्हा ठरला. पुढें १७६४ सालीं बक्सार झालें आणि बंगाल गेला. ब्रिटिश पार्लमेंटला १७७३ च्या कायद्यानें गव्हर्नर जनरल, त्याचें कौन्सिल व न्यायाधीश यांना खाजगी व्यापार व नजराणे बंद करावे लागले ते उगीच नव्हे. परक्यांच्या कौन्सिलला जो दोष आपण इतिहासांत लावतों, तोच आपल्या सभागृहांत आढळला तर तो स्वकीयांचा म्हणून पोटांत घालावयाचा काय? स्वराज्याचा अर्थ खुर्चीवरचा मनुष्य बदलणें एवढाच असता, तर त्यासाठीं इतक्या लोकांनीं तुरुंग भोगले नसते.

आतां आजचे नियम पाहूं. आपल्या राज्यघटनेला दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तेव्हां, म्हणजे १९५१ सालीं, हंगामी संसदेपुढें मुद्गल प्रकरण आलें. मुंबईच्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न सभागृहांत चालविल्याचा ठपका चौकशी समितीनें ठेवला. त्या सभासदानें राजीनामा दिला, तरी तो हकालपट्टीसच पात्र होता असें संसदेनें ठरावांत नमूद करून ठेवलें. आरंभ असा कणखर झाला. परंतु त्यानंतर व्यवस्था अर्धवटच राहिली, आणि डिसेंबर २००५ मध्यें प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्यावरून एकदम अकरा खासदारांस घालवावें लागलें.

राज्यसभेनें आपल्या सभासदांच्या हितसंबंधांचें नोंदपुस्तक ठेवलें आहे. मोबदल्याचें संचालकपद, नियमित मोबदल्याचा उद्योग, कंपनीवर ताबा देणारे भाग, सशुल्क सल्लागारी व व्यावसायिक काम, अशीं पांच सदरें त्यांत भरावीं लागतात. आणि ज्या विषयांत सभासदाचा आर्थिक संबंध आहे त्यावर बोलण्यापूर्वीं तो सांगण्याचें बंधन आहे. लोकसभेच्या नियमांत मात्र असें नोंदपुस्तक नाहीं. तेथें एखाद्याचें मत त्याच्या वैयक्तिक, आर्थिक व प्रत्यक्ष हितसंबंधामुळें बाद करावें असा आक्षेप दुसऱ्या कोणीं तरी घ्यावयाचा असतो. दोन सभागृहांतील हा फरक वकिलाच्या दृष्टीनें फार मोठा आहे. पहिल्या ठिकाणीं सांगण्याचा बोजा ज्याचा संबंध आहे त्याच्यावर आहे. दुसऱ्या ठिकाणीं शोधून काढण्याचा बोजा ज्याला कांहीं ठाऊक नाहीं त्याच्यावर आहे. पुराव्याचा कायदा तर असें मानतो कीं, जी गोष्ट एखाद्याला विशेष ठाऊक असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असावा. मंत्र्यांसाठीं १९६४ पासून एक आचारसंहिता आहे आणि तिच्यांत उद्योगधंद्याशीं संबंध तोडण्याचें कलमही आहे. पण ती कायदा नव्हे, आणि मंत्र्यानें जें कळवावयाचें तें पंतप्रधानांस किंवा मुख्यमंत्र्यांस, लोकांस नव्हे.

याच्या शेजारीं कंपनीचा कायदा ठेवून पाहावा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें प्रत्येक संचालकाला वर्षाच्या पहिल्या बैठकींत आपले इतर कंपन्यांतील व भागीदाऱ्यांतील संबंध सांगावे लागतात. सार्वजनिक कंपनींत ज्या करारांत त्याचा संबंध असेल त्याच्या चर्चेंत त्याला भाग घेतां येत नाहीं, आणि हा नियम मोडला तर त्याचें संचालकपदच जातें. मूठभर भागधारकांच्या पैशांसाठीं कायदा इतका जागरूक आहे. कोट्यवधि करदात्यांच्या पैशांसाठीं मात्र तो सभ्य गृहस्थांच्या सद्‌भावनेवर विसंबतो. याला कांहीं तर्क असेल तर तो आम्हांस सांपडलेला नाहीं.

महाराष्ट्राकडे वळलें म्हणजे हा प्रश्न अधिक जवळून दिसतो. महापालिकांच्या कायद्यांत पालिकेच्या कंत्राटांत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भाग असलेला सभासद अपात्र ठरतो, हें कलम १९४९ पासून आहे आणि तें चांगलें आहे. परंतु तें रचलें गेलें तेव्हां पालिकेंतला पैसा मुख्यतः खडी, दिवाबत्ती आणि झाडलोट यांच्या कंत्राटांत होता. आज खरा पैसा कंत्राटाबाहेर आहे. एखाद्या भूखंडावरचें शाळेचें वा बागेचें आरक्षण उठविणें, शेतजमिनीला रहिवासी ठरविणें, चटईक्षेत्र वाढवून देणें, यांत पालिका कोणाशीं करार करीत नाहीं, फक्त एक ठराव करते. आणि त्या एका ओळीनें जमिनीची किंमत अनेकपट होते. पुण्यांत प्राथमिक शाळेसाठीं राखलेल्या एका भूखंडावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या जांवयाच्या बांधकाम-उद्योगाला इमारत उभारूं देण्यांत आली. १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती परवानगी बेकायदेशीर ठरविली, आणि २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही मूळ निष्कर्ष कायम केला. २०१० सालीं कुलाब्याच्या आदर्श गृहनिर्माण संस्थेचें प्रकरण बाहेर आलें, तेव्हां ज्यांच्या टेबलांवरून तिचे कागद गेले त्यांतील कित्येकांच्या नातलगांना तेथें सदनिका मिळाल्याचें दिसून आलें, आणि आणखी एका मुख्यमंत्र्याला पद सोडावें लागलें. हीं प्रकरणें आम्ही कोणाचा उपमर्द करण्यासाठीं उकरून काढीत नाहीं. पुण्याच्या त्या भूखंडाची फाईल मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर आली त्याच दिवशीं ‘या प्रकरणांतील अर्जदाराशीं माझें नातें आहे; निर्णय दुसऱ्यानें घ्यावा’ एवढें एक वाक्य तिच्यावर लिहिणें सक्तीचें असतें, तर शाळेच्या जागेवर शाळा झाली असती आणि न्यायालयांची इतक्या वर्षांची यातायात वांचली असती. न्यायालय उशिरां कां होईना न्याय देतें, पण तोंपर्यंत शाळेंत जावयाचीं मुलें मोठीं झालेलीं असतात.

सहकाराची गोष्ट अधिक नाजूक आहे, म्हणूनच ती टाळतां येत नाहीं. प्रवरानगरचा कारखाना १९५० सालीं सुरू झाला, तेव्हांपासून शेतकऱ्यांचें राजकारण व शेतकऱ्यांची संस्था हीं हातांत हात घालूनच वाढलीं. जो कारखाना उभा करतो तोच लोकांचा विश्वास मिळवितो आणि तोच विधानसभेंत जातो, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. उलट महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचें तें भूषण होतें. पण त्याचा परिणाम असा झाला आहे कीं, एकच गृहस्थ कारखान्याचा, जिल्हा बँकेचा, दूधसंघाचा व शिक्षणसंस्थेचा कारभारी असतो, आणि तोच कारखान्याच्या कर्जाला सरकारनें थकहमी द्यावी कीं नाहीं, महाविद्यालयास अनुदान द्यावें कीं नाहीं, हें ठरविणाऱ्या सभेंतही बसतो. कर्ज मागणारा, कर्ज देणारा आणि कर्जाला जामीन राहणारा असे तीन पक्ष जेथें एकाच सदऱ्याच्या खिशांत असतात, तेथें चौथ्या पक्षाला, म्हणजे ठेवीदाराला व करदात्याला, विचारणारें कोण? अशा गृहस्थानें राजकारण सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें फक्त बैठकीच्या आरंभीं आपलें नातें सांगावें आणि तेवढ्या विषयापुरतें उठून जावें.

गोव्यांतील एका निकालानें तर या प्रश्नाचा घरगुती पैलूही पुढें आणला. तेथील एका ग्रामपंचायतीचें काम सभासद बाईंच्या पतीस मिळालें. माझा स्वतःचा त्यांत कांहीं संबंध नाहीं, असें बाईंचें म्हणणें. परंतु गोव्याच्या कौटुंबिक कायद्यांत पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. तेव्हां पतीच्या नफ्यांत पत्नीचा वाटा आलाच, म्हणून त्या अपात्र आहेत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ठरविलें. आमच्याकडे कायद्यानें चूल वेगळी मानली तरी जेवण एकाच पंक्तीला होतें. म्हणून नोंद करावयाची तर ती स्वतःपुरती करून भागणार नाहीं.

आणि नोंद केली तरी ती कपाटांत ठेवून उपयोग नाहीं, हें २०२४ च्या सेबी प्रकरणानें दाखविलें. शेअरबाजाराचें नियंत्रण करणाऱ्या या मुंबईंतील संस्थेच्या त्या वेळच्या अध्यक्षांवर हितसंबंधांबाबत आरोप झाले. आपण जरूर ती माहिती संस्थेला वेळोवेळीं दिली होती व संबंधित प्रकरणांतून बाजूस राहिलों होतों, असें त्यांचें उत्तर होतें. पण कोणत्या प्रकरणांतून बाजूस राहिल्या हें माहितीच्या अधिकारांत विचारलें, तेव्हां ती माहिती सहज उपलब्ध नाहीं असें संस्थेनें कळविलें. पुढें मे २०२५ मध्यें लोकपालानें त्या तक्रारी निराधार ठरवून निकालांत काढल्या. याचा अर्थ काय? आरोप टिकले नाहींत, तरी कित्येक महिने एका व्यक्तीची व एका महत्त्वाच्या संस्थेची अब्रू वेशीवर टांगली गेली. आणि उघडी नोंदवही असती तर जें एका दिवसांत मिटलें असतें त्याला पाऊण वर्ष लागलें. उघड नोंद ही प्रामाणिक मनुष्याची ढाल आहे. मार्च २०२५ मध्यें त्या संस्थेनेंच आपले हितसंबंधविषयक नियम तपासण्यास उच्चस्तरीय समिति नेमण्याचें ठरविलें, हें सुचिन्ह होय.

या सुधारणेवर जे आक्षेप येतात ते आम्हांस अपरिचित नाहींत. पहिला आक्षेप खाजगीपणाचा. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील खाजगी माहितीचा अपवाद पूर्वींपेक्षां पुष्कळ रुंद करण्याची तरतूद केल्यामुळें या आक्षेपाला बळ आलें आहे. खाजगी आयुष्याचा मान आम्हीही राखतों. कोणाच्या घरांत किती सोनें आहे, कोणाला कोणता आजार आहे, याच्याशीं लोकांना कर्तव्य नाहीं. परंतु जो संबंध सार्वजनिक निर्णयाला स्पर्श करतो, तो त्या स्पर्शाच्या क्षणीं खाजगी राहत नाहीं. ज्याला तो खाजगीच ठेवावयाचा असेल त्याला मार्ग मोकळा आहे: त्यानें त्या निर्णयास हात लावूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, इतकी चौकशी होऊं लागली तर लायक माणसें सार्वजनिक कामांत येणार नाहींत. वकील, डॉक्टर, कारखानदार, शेतकरी यांनीं सभागृहांत यावें हें आम्हांसही हवें आहे, आणि ज्याचा कोठेंच संबंध नाहीं अशा मनुष्याला पुष्कळदां अनुभवही नसतो. म्हणूनच आमचा आग्रह संबंध नसावा असा नाहीं. तो सांगितलेला असावा असा आहे. तिसरा आक्षेप सर्वांत चलाख आहे: अप्रामाणिक मनुष्य खोटेंच लिहील, मग नोंदीचा उपयोग काय? खोटा दस्त करणारे आहेत म्हणून कोणी नोंदणी कचेरी बंद केली नाहीं. आज हितसंबंध लपविणाऱ्याला कोणता नियम मोडला हें सांगतांच येत नाहीं, कारण बहुतेक ठिकाणीं नियमच नाहीं. नोंद सक्तीची झाली कीं लपविणें हाच स्वतंत्र दोष होतो, आणि तो सिद्ध करण्यास मनाचा ठाव घ्यावा लागत नाहीं. दोन कागद शेजारीं ठेवले कीं पुरे.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. संसद, विधिमंडळ, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि सरकारी मंडळें यांत निर्णय घेणाऱ्या प्रत्येकानें स्वतःचे, जोडीदाराचे व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांचे, आणि ठाऊक असतील तितके सख्ख्या भावाबहिणींचे, मुलांचे व जांवई-सुनांचे उद्योग, भागीदाऱ्या, संस्थांतील पदें, कार्यक्षेत्रांतील जमिनी व मोठीं कर्जें नोंदवावीं. कर्ज मुद्दाम म्हटलें आहे. कारण सावकारापुढें ऋणको जितका वांकतो तितका भागधारकही कंपनीपुढें वांकत नाहीं. बदल झाला कीं महिन्याच्या आंत नोंद सुधारावी. प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ‘हितसंबंध सांगणें’ हा असावा, आणि कोण कोणत्या विषयाच्या वेळीं उठून गेला हें इतिवृत्तांत लिहिलें जावें. नोंदवही कचेरींत व संकेतस्थळावर कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहतां यावी. न सांगितलेल्या संबंधाचा ठराव रद्द होण्यास पात्र ठरावा; आणि दोष आहे कीं नाहीं हें सभागृहांतील बहुमतानें न ठरवितां स्वतंत्र अधिकाऱ्यानें ठरवावें, नाहींतर बहुमताच्या सभासदाचा दोष कधींच सिद्ध व्हावयाचा नाहीं. २०१८ च्या लोकप्रहरी निकालानें उमेदवारानें उत्पन्नाचें साधन व सरकारी कंत्राटें सांगावीं असें ठरविलेंच आहे. म्हणजे अर्धी वाट न्यायालयानें चालून दिली आहे. उरलेली वाट कायदेमंडळांनीं चालावयाची. तोंपर्यंत एखाद्या ग्रामपंचायतीनें वा नगरपालिकेनें स्वतःच्या ठरावानें अशी वही आजही उघडावी. तिला दिल्लीच्या आज्ञेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

शेवटीं दुसऱ्यास शिकवितांना स्वतःकडे पाहणें प्राप्त आहे. वर्तमानपत्रांचेही हितसंबंध असतात. २००९ च्या निवडणुकींत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारी महाराष्ट्रांतूनही झाल्या, आणि तो कलंक सर्व पत्रव्यवसायाला लागला. मालकाचा जमिनीचा व्यवसाय असेल, संपादक एखाद्या संस्थेचा विश्वस्त असेल, तर त्या विषयावर लिहितांना तें सांगणें हें वाचकाचें देणें आहे. वकिलाला तर स्वतःचा आर्थिक संबंध असलेलें प्रकरण चालविण्याची व्यवसायाच्या नियमांनींच मनाई आहे, आणि तो नियम वकिलींतून संपादकीय खुर्चीवर येतांना दाराबाहेर ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. म्हणून आरंभ येथूनच करतों. प्रस्तुत लेखक वकील असून एका नागरी सहकारी बँकेचा लहानसा भागधारक व ठेवीदार आहे. सहकाराविषयीं वर जें लिहिलें आहे तें वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, आणि मग त्याची किंमत काय ती करावी. हें लिहावयास आम्हांस दोन ओळी लागल्या. आमच्या लोकप्रतिनिधींनाही याहून अधिक लागण्याचें कारण नाहीं.